क्रूझवरचं सेफ्टी ड्रिल : काठी, वॉकर किंवा व्हीलचेअर सोबत असेल तर

जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच प्रत्येक नव्या प्रवाशाचं आणीबाणीचं ड्रिल व्हावंच लागतं. समुद्रावरच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला सगळे ‘सोलास’ म्हणतात, त्यात हा नियम १ जानेवारी २०१५ पासून इतका कडक झाला. आधी चोवीस तासांची मुभा होती. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकाला घासली, तेव्हा त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरातून चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. ३२ माणसं गेली आणि ती मुभाही गेली.

गुडघे धरलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या किंवा व्हीलचेअरवर असणाऱ्या प्रवाशाने मात्र नुसती ड्रिलला हजेरी लावून भागत नाही. ड्रिलला तुम्ही लिफ्टने जाता. खरा भोंगा वाजला की प्रवाशांनी लिफ्ट वापरायची नसते. म्हणजे जी वाट तुम्ही पाहून आलात ती त्या वेळी बंद असणार, आणि जी उघडी असेल ती तुम्ही पाहिलेलीच नाही. पुढची सगळी तयारी या एका फरकासाठी आहे.

बुकिंग करताना

आपल्याकडे एजंटला ‘आईला व्हीलचेअर लागेल’ एवढं सांगितलं की काम झालं असं वाटतं. एजंट जी व्हीलचेअर मागवतो ती बहुतेकदा बंदरातल्या टर्मिनलपासून जहाजाच्या दारापर्यंतची असते. त्या खुर्चीचा आणि आणीबाणीतल्या मदतीचा काही संबंध नाही. आणीबाणीत मदत लागणाऱ्यांची यादी वेगळी असते. ज्यांनी अशी गरज आपणहून कळवली आहे त्यांची नोंद करून ती जहाज सुटण्याआधी कॅप्टनकडे पोचवायची, असा सोलासचा नियम आहे. ‘आपणहून कळवली आहे’ हे शब्द नीट वाचा. तुम्ही बोलला नाहीत तर तुमचं नाव त्या यादीत कुणी घालत नाही.

म्हणून कंपनीचा विशेष गरजांचा फॉर्म स्वतः मागून घ्या आणि त्यात मोघम लिहू नका. ‘चालायला थोडा त्रास’ यावरून जहाजावरच्या माणसाला काहीच कळत नाही. असं लिहा : सपाटीवर काठी घेऊन १०० मीटर चालते, कठडा धरून एक जिना उतरू शकते, चढू शकत नाही, खुर्चीतून उठायला एका माणसाचा हात लागतो, वजन ७८ किलो. वजन लिहायला लाजू नका, कारण उचलायला किती माणसं लागतील ते त्यावरून ठरतं. युरोपीय संघातल्या बंदरातून चढणार असाल तर तिथल्या २०१० च्या नियमाप्रमाणे मदतीची गरज निदान दोन कामाचे दिवस आधी कळवायची असते. प्रत्यक्षात बुकिंगच्याच दिवशी कळवावं हे उत्तम, कारण अपंगांसाठीच्या रुंद दाराच्या केबिन मोजक्याच असतात आणि आधी भरतात.

अशी केबिन मिळाली नाही तर साध्या केबिनचं बुकिंग करण्याआधी टेप घेऊन खुर्ची मोजा. आपल्याकडची घडीची व्हीलचेअर चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण ६३ ते ६६ सेंटिमीटर भरते. साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर त्याहून अरुंद असतं. खुर्ची आत शिरली नाही तर लोक ती बाहेर पॅसेजमध्ये ठेवतात, आणि तिथे ती चालत नाही. पॅसेज हा सुटकेचा मार्ग आहे. धूर भरलेल्या पॅसेजमध्ये तुमची रिकामी खुर्ची दुसऱ्या कुणाच्या पायात येते. बॅटरीवरच्या स्कूटरलाही हेच लागू. ती केबिनमध्येच ठेवायची आणि तिथेच चार्ज करायची.

केबिन कुठल्या मजल्यावर घ्यावी? मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत जमायची जागा, बऱ्याच मोठ्या जहाजांवर चौथ्या ते सातव्या डेकच्या आसपास, लाइफबोटींच्या जवळ असते. बाराव्या डेकवरची बाल्कनी झकास दिसते खरी, पण तिथून सहा-सात मजले खाली यायचं. सगळ्यात बरं म्हणजे लाइफबोटींच्याच डेकवर किंवा त्याच्या एक-दोन मजले वर, जहाजाच्या मधल्या भागात, जिन्यापासून चार दारं सोडून. एक-दोन मजले खालची केबिन स्वस्त असते, पण ती घेताना विचार करा. ज्या खुर्चीतून माणसाला जिन्यावरून नेतात ती खाली उतरायला बनवलेली असते. वर न्यायचं तर तीन-चार जणांनी हातांवर उचलावं लागतं. वरून खाली येणं एका प्रशिक्षित माणसाचं काम, खालून वर जाणं चौघांचं.

चढल्यावर पहिले दोन तास

गळ्यात अडकवायचं किंवा खिशात ठेवायचं जे कार्ड मिळतं त्यावर मस्टर स्टेशनचं अक्षर किंवा आकडा छापलेला असतो. तोच केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला नकाशासकट लावलेला असतो. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना खूण दाखवून ठेवा : हिरव्या चौकोनात मधोमध माणसांचा घोळका आणि चार कोपऱ्यांतून त्याच्याकडे येणारे चार बाण. ही खूण सगळ्या जहाजांवर सारखी असते. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून गोव्याला जाणाऱ्या जहाजावर जी दिसेल तीच अलास्कात दिसेल.

ड्रिल दोन प्रकारची असतात. जुन्या पद्धतीत ठरलेल्या वेळी भोंगा वाजतो आणि सगळे एकदम आपापल्या स्टेशनवर जमतात. २०२० नंतर बऱ्याच कंपन्यांनी वेगळी पद्धत आणली : सुरक्षेचा व्हिडिओ फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर पाहायचा, भोंग्याचा आवाज ऐकायचा आणि दिलेल्या वेळेत कधीही स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. हळू चालणाऱ्याला ही पद्धत सोयीची आहे, गर्दीत धक्के खावे लागत नाहीत. पण हीच पद्धत जास्त फसवते. लिफ्टने गेलो, कार्ड टुक केलं, जेवायला गेलो, पाच मिनिटांत ‘ड्रिल झालं’. हाती आलं फक्त एका दाराचं दर्शन.

तेव्हा चढल्या चढल्या, केबिन तयार व्हायच्या आतच स्टेशनवर जा. दुपारच्या आधी तिथले कर्मचारी निवांत असतात आणि बोलायला वेळ देतात. सुटायच्या तासभर आधी तीच माणसं रांगेतल्या शेकडो कार्डांना भिडलेली असतात. जुन्या पद्धतीचं ड्रिल असेल तर भोंग्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचा आणि बसायला खुर्ची मागा. काही स्टेशनं थिएटरमध्ये किंवा जेवणघरात असतात, तिथे अडचण नाही. काही उघड्या डेकवर असतात आणि तिथे अर्धा तास उभं राहावं लागतं.

स्टेशनवरच्या प्रमुखाला हे प्रश्न विचारा. उत्तरं प्रत्येक जहाजावर वेगळी असतात, म्हणूनच विचारायची.

१. मदतीच्या यादीत माझं नाव आणि केबिन नंबर आहे का? यादी दाखवून खात्री करा म्हणा. नसेल तर तिथेच घालायला सांगा, आणि शिवाय गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवरही सांगा.

२. भोंगा वाजला तर मी केबिनमध्ये थांबायचं की निघायचं? काही जहाजं सांगतात, थांबा, आमची माणसं येतील. काही सांगतात, जवळच्या जिन्याच्या चौकात या. मदत लागणाऱ्यांना काही ठिकाणी वेगळंच स्टेशन देतात. यातलं आपलं कुठलं हे माहीत नसेल तर बाकी सगळं फुकट.

३. त्या वेळी मी केबिनमध्ये नसेन तर? हा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही आणि सगळ्यात मोठी फट इथेच आहे. यादी केबिन नंबरवर चालते. तुम्ही दुपारी अकराव्या डेकवर चहा पीत बसला असाल तर मदतीची टोळी सातव्या डेकवरच्या तुमच्या रिकाम्या केबिनचं दार ठोठावत असते. बहुतेक वेळा उत्तर असं मिळतं की जवळच्या कुठल्याही क्रूला गाठून सांगा, तो वायरलेसवर कळवेल. मग क्रू ओळखायचा कसा, हेही विचारून घ्या. आणीबाणीत ते ठरावीक रंगाची टोपी किंवा जाकीट घालतात.

४. सोबत किती जणांना राहता येईल? सहसा एकाला.

जिन्याची पाहणी

हे काम पहिल्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, जिने रिकामे असताना करायचं. चालता येणाऱ्या सोबत्याने केबिनपासून स्टेशनपर्यंत जिन्याने जाऊन पायऱ्या मोजाव्यात. एका डेकला साधारण सोळा-सतरा पायऱ्या भरतात, मध्ये एक चौक असतो. कठडा दोन्ही बाजूंना आहे का, मधल्या चौकात टेकायला जागा आहे का, तुमचा दमदार हात उतरताना कठड्याच्या बाजूला येतो का, हे पाहायचं. अर्धांगवायूने डावी बाजू कमजोर असेल तर उतरताना कठडा उजवीकडे हवा. आणीबाणीत लोकांचा लोंढा एकाच दिशेने येत असतो. उलट्या बाजूला जायला कुणी वाट देत नाही, म्हणून बाजू आधीच ठरलेली बरी.

स्वतःला थोडं उतरता येत असेल तर एक मजला उतरून पाहा, घड्याळ लावून. एका मजल्याला चार मिनिटं लागत असतील आणि पाच मजले असतील तर हिशोब समोर आहे. ‘जमेल हो हळूहळू’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथे शहाणे होतात आणि यादीत नाव घालायला परत जातात. त्यात कमीपणा काही नाही. भर जिन्यात तिसऱ्या मजल्यावर पाय बसले तर मागचे दोनशे जण अडकतात.

आता ती सुटकेची खुर्ची. मुख्य जिन्याच्या चौकात भिंतीला लावलेल्या कव्हरखाली ती घडी करून ठेवलेली असते. मागे दोन चाकं, पाठीच्या खालच्या बाजूला दोन रबरी पट्टे. सपाटीवर ती चाकांवर ढकलतात. जिन्यापाशी आली की मागचा माणूस ती कलती करतो आणि रबरी पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात. बसलेल्याच्या वजनाने पट्टे फिरतात, घर्षणाने वेग आवरला जातो, आणि खुर्ची एकसारखी सरकत उतरते. तुमचं तोंड जिन्याच्या उताराकडे असतं. पुढे खोल पायऱ्या दिसतात आणि पाठीमागचा माणूस दिसत नाही, त्यामुळे पहिल्यांदा बसणाऱ्याचा हात आपोआप कठड्याकडे जातो. तसं करायचं नाही. कठडा पकडला की खुर्ची एका अंगाला फिरते, मागच्याचा तोल जातो आणि दोघंही आडवे होतात. दोन्ही हात छातीशी किंवा मांडीवर, पट्ट्याच्या आत. खाली बघवत नसेल तर समोरच्या भिंतीकडे पाहा.

क्रूला सांगून ही खुर्ची एकदा उघडून दाखवायला सांगा आणि सपाटीवर बसून पाहा. जिन्यावरून उतरवून दाखवा म्हणू नका. प्रवाशाला घेऊन तसा सराव सहसा करत नाहीत आणि करूही नये.

खरी अडचण खुर्चीत बसल्यावरची नाही, बसतानाची आहे. तुमच्या व्हीलचेअरमधून त्या खुर्चीत दोन अनोळखी माणसं घाईत उचलणार. सवयीने ती काखेत हात घालतात. खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा अर्धांगवायूने खांदा सैल असेल तर तो तिथेच निखळू शकतो. म्हणून पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर साध्या इंग्रजीत पाच-सहा ओळी ठळक लिहा आणि व्हीलचेअरच्या पाठीला प्लॅस्टिकच्या पाकिटात अडकवा : वजन किती, कुठली बाजू दमदार, कुठे धरू नये, पायावर भार देता येतो की नाही, किती माणसं लागतात, कुठली औषधं चुकवून चालत नाहीत. घरी तुम्हाला ज्या पद्धतीने उचलतात तीच तिथे लिहा. त्याची दुसरी प्रत गळ्यातल्या कार्डाच्या मागे ठेवा.

आणि हे मनाशी आधीच मान्य करून टाका : तुमची स्वतःची व्हीलचेअर मागे राहणार. वॉकरही बहुधा मागेच. काठी सोबत येऊ शकते, पण लाइफबोटीत चढताना तीही काढून घेतील. सवयीची उशी, विशेषतः बसून बसून पाठीला किंवा ढुंगणाला जखमा होतात त्यांची जेलची उशी, कुठे आहे ते सोबत्याला माहीत हवं. खुर्ची सोडली तरी उशी उचलता येते.

बसून लाइफ जॅकेट घालणं

हल्लीच्या ड्रिलमध्ये जॅकेट घालून दाखवावं लागतंच असं नाही. तरीही केबिनमध्ये एकदा घालून पाहा. काही जहाजांवर जॅकेटं केबिनमध्ये नसून स्टेशनवर ठेवलेली असतात. तसं असेल तर तिथल्या माणसाला सांगून घालून पाहा.

मोठ्यांचं जॅकेट ४३ किलोपासून पुढच्या वजनाला आणि १५५ सेंटिमीटरपासून पुढच्या उंचीला धरून बनवतात. त्याखालचं माप मुलांचं. आपल्याकडच्या कितीतरी आज्या यात बसत नाहीत. चाळीस किलोच्या बाईला मोठ्यांचं जॅकेट ढिलं बसतं आणि पाण्यात ते वर सरकून हनुवटीखाली येतं. क्रूला दाखवा, लहान माप घालून पाहा, आणि कुठलं नीट बसतं ते तिथेच ठरवून केबिनमध्ये तेच मागून घ्या. उलट टोकाला, १४० किलोपर्यंतच्या वजनाला आणि १७५ सेंटिमीटर छातीच्या घेराला नेहमीचं जॅकेट पुरावं अशी अपेक्षा असते. त्यापुढे जोडपट्टा मागावा लागतो.

व्हीलचेअरवरच्या माणसाला जॅकेट घालताना हमखास होणारी चूक : कमरेचा पट्टा खुर्चीच्या पाठीमागून किंवा हाताच्या दांड्याबाहेरून फिरवला जातो. बाहेरून सगळं घट्ट दिसतं. मग उचलायला जातात तेव्हा माणूस खुर्चीला बांधलेला निघतो. यावर उपाय असा. आधी दांडे वर करा किंवा काढा. माणसाला पुढे वाकवा, एकाने खांद्याला धरून ठेवावं. जॅकेट डोक्यातून घाला. पट्टा पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्या मधून फिरवा, बकल पुढे लावा, सैल टोक ओढून जॅकेटच्या आत खोचा. हात फिरवून पाहा : पट्ट्यात खुर्चीचा एकही भाग आलेला नसावा. खुर्चीला डोकं टेकायची उशी असेल तर ती काढा, कारण जॅकेटची मागची बाजू मान पुढे ढकलते आणि पाठीत पोक असलेल्यांची हनुवटी छातीला टेकून श्वास अडतो. पोटावर लघवीची पिशवी किंवा स्टोमा, म्हणजे मलमूत्रासाठी ऑपरेशनने पोटावर केलेलं तोंड, असेल तर पट्टा थोडा वर घ्या.

बाह्यांच्या जागी भोकं असलेलं जॅकेट असेल तर कमजोर हात आधी घालायचा, दमदार हात नंतर. सदरा घालताना करतो तसंच.

लोंबणारे पट्टे हे जिन्यावर पडण्याचं मोठं कारण. जॅकेट हातात घेऊन चालत असाल तर पट्टे गुंडाळून आत कोंबा. कपड्यांचंही तेच. साडीवर जॅकेट बसतं, पण निऱ्या आणि जिना यांचं जमत नाही. रात्री झोपताना पलंगाशेजारी सलवार किंवा पायजमा आणि मागून पट्टा असलेल्या चपला ठेवा. आपल्या घरातल्या रबरी सपाता ओल्या डेकवर घसरतात.

भोंगा वाजल्यावर

सात किंवा अधिक छोटे आवाज आणि त्यानंतर एक लांबलचक. हाच आणीबाणीचा इशारा. त्याआधी लाउडस्पीकरवर एखादा सांकेतिक शब्द आणि जागेचं नाव ऐकू येऊ शकतं, ते क्रूसाठी असतं. तुम्ही काही करायचं नाही, पण हळू हालचाल असणाऱ्याने तेव्हाच चपला चढवाव्यात, औषधांची पिशवी मांडीवर घ्यावी आणि लघवीला जाऊन यावं. कॉन्कॉर्डियावर टक्कर रात्री पावणेदहाला झाली आणि सर्वसाधारण इशारा १०.३३ ला वाजला. जहाज सोडायचा हुकूम निघाला १०.५४ ला. तोवर जहाज कलत चाललं होतं, आणि कललेल्या पॅसेजमध्ये धडधाकट माणसालाही भिंत धरून चालावं लागतं. कॅप्टनचा उशीर आपल्या हातात नसतो, आपली तयारी असते.

हा इशारा म्हणजे जहाज सोडा असं नाही. जमा, एवढाच त्याचा अर्थ. सोडायचा हुकूम वेगळा, तोंडी, कॅप्टनकडून येतो. तो आला की सगळ्या लाइफबोटी ३० मिनिटांत माणसांसकट पाण्यावर उतरवता आल्या पाहिजेत अशी नियमाची अपेक्षा असते. म्हणून हळू चालणाऱ्यासाठी खरा वेळ आहे तो जमण्याच्या टप्प्यात.

इशारा होताच पॅसेजमधली आगीची दारं आपोआप बंद होतात. एरवी चुंबकाने भिंतीला धरलेली असतात म्हणून ती दार आहेत हेच लक्षात येत नाही. ती बंद झाली म्हणजे कुलूप लागलं असं नाही. ढकलली की उघडतात, पण जड असतात आणि सोडली की परत मिटतात. व्हीलचेअर ढकलणाऱ्याने दार पाठीने रेटून खुर्ची उलटी, मोठी चाकं आधी, अशी ओढून न्यावी. समोरून नेली तर मिटणारं दार पायाच्या पंजांवर येतं. दिवे गेले तर जमिनीलगत पाहा. भिंतीच्या तळाशी, ३० सेंटिमीटरच्या आत, चमकणारी पट्टी किंवा छोट्या दिव्यांची रांग जिन्याकडे नेते.

घरच्यांनी काय करायचं हे चढतानाच ठरवा. पोरं पूलवर, आजी केबिनमध्ये, असं असताना भोंगा वाजला तर सगळे आजीकडे धावतात. लोंढ्याच्या उलट, जिने चढत. त्याऐवजी एकच माणूस आजीचा, दिवसभरासाठी ठरवलेला, आणि तो कायम तिच्या जवळपास. बाकीच्यांनी थेट स्टेशन गाठून कार्ड स्कॅन करायचं आणि प्रमुखाला सांगायचं : अमुक केबिनमध्ये एक जण आहे, चालता येत नाही, सोबत एक आहे. ही एक ओळ शोधपथकाला पुरते.

केबिनमध्ये थांबायला सांगितलं असेल तर दार आतून लॅच लावून बंद करू नका, दिवा चालू ठेवा आणि फोनवरून एकदा कळवा. टोळी आली की पहिलं वाक्य तुमचं असू द्या, कार्डावरचं : वजन, कुठे धरायचं, कुठे नाही.

जमल्यावर वाट पाहावी लागते, कधी खूप. २३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिनं बंद पडली. जहाजावर १,३७३ माणसं होती, प्रवासी बहुतेक वयस्क. त्यांनी स्टेशनांवर रात्र काढली आणि ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. जहाज हेलकावत असताना खुर्च्या-टेबलं घसरत होती, छताचे तुकडे पडत होते. यातून घ्यायचं ते असं : व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावून ती खांबाला किंवा पक्क्या बसवलेल्या आसनाला टेकवून ठेवा, सुट्या फर्निचरपासून आणि काचेपासून दूर. आणि पिशवीत एका दिवसाची नाही, दोन दिवसांची औषधं ठेवा. इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, एक शाल, दोन-तीन डायपर, वाचायचा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. ही पिशवी पलंगाच्या उशाशी. तिजोरीत नाही.

लाइफबोटीत

लाइफबोटीतल्या बाकावर एका माणसाला ४३ सेंटिमीटर रुंदीची जागा धरलेली असते, जॅकेटसकट. गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना भिडतात. ज्यांचा पाय सरळच राहतो, प्लॅस्टरमुळे किंवा सांधा बदलल्यामुळे, त्यांनी चढतानाच सांगून कडेची जागा मागावी, एकदा भरल्यावर कुणालाच हलता येत नाही. बहुतेक लाइफबोटींत शौचालय नसतं. डायपर त्यासाठीच. तिथला शिधा म्हणजे पिठूळ बिस्किटं आणि माणशी तीन लिटर पाणी. मधुमेह असेल तर आपला सुका मेवा खिशात असावा. डेक आणि बोट यांच्यामधली फट जहाज कललं तर रुंदावते. ती स्वतः ओलांडायचा प्रयत्न करू नका, उचलून देऊ द्या. झोपलेल्या माणसालाही आत घेता यावं अशी सोय बोटीत करणं नियमाने भाग आहे, तेव्हा ‘मला जमणार नाही’ या भीतीने मागे राहायचं कारण नाही.

लाइफबोट आतून कशी दिसते हे बघायची एक फुकट संधी असते. ज्या बंदरात जहाज धक्क्याला लागत नाही तिथे प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, आणि त्या बऱ्याचदा जहाजाच्या लाइफबोटीच असतात. व्हीलचेअर घेऊन तुम्हाला उतरू देतील की नाही हे समुद्रावर अवलंबून. पण दारापाशी जाऊन पायरी किती उंच, दार किती रुंद, बाक कसे, एवढं पाहून येता येतं. सोबत्याने नक्की पाहावं.

चार्जर आणि इतर

बॅटरीच्या खुर्चीचा किंवा स्कूटरचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालणारा असावा. अमेरिकी जहाजांवर ११० व्होल्टचे सॉकेट मुख्य असतात. आपली जाड पिनांची तीन-पिनी तिथे बसत नाही, साधा अ‍ॅडॅप्टर घ्या. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन दोरी नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे ती चढतानाच काढून घेतात. बॅटरी लिथियमची असेल तर आधी कळवा. रात्री चार्जिंगला लावलेली खुर्ची दाराच्या आड येणार नाही अशी ठेवा, कारण त्या अरुंद जागेत तीच तुमची वाट अडवते. श्वासासाठी ऑक्सिजनचं मशीन लागत असेल तर जिन्यावरून नेताना ते बॅटरीवर किती वेळ चालतं हे पाहून ठेवा.

प्रवासात मध्येच पाय मुरगळला, ताप येऊन अशक्तपणा आला, चढताना चालत होता आणि आता खुर्चीवर आहात, तर यादीत तुमचं नाव नसणार. गेस्ट सर्व्हिसेसला त्याच दिवशी सांगा. जहाजावरच्या डॉक्टरने पाहिलं म्हणजे आणीबाणीच्या यादीत नाव आपोआप गेलं असं धरून चालू नका. केबिन बदलली तरी हेच : स्टेशन बदललं का ते नव्या दाराच्या मागे पाहा, आणि पायऱ्या पुन्हा मोजा.